वाघांचे फोटो

नवी हार्ड डिस्क डब्यातून काढली की प्लॅस्टिकचा कोरा वास येतो आणि मला चंद्रपूरची ती दुपार आठवते. डिजिटल कॅमेरा घेतल्यापासून मी सुट्टी मिळाली की मोहर्लीच्या जंगलात जाऊन वाघांचे फोटो काढायचो. घरचा कॉम्प्युटर सारखा बंद पडू लागला, तेव्हा फोटो जातील या धास्तीनं वेगळी डिस्क घ्यायला निघालो. आईचा चष्मा आणायचा होता, म्हणून तीही सोबत आली. लहान डिस्क पुरेल की मोठी लागेल, हे मला ठरवता येईना. मग दुकानदार चाचांनी मी घरच्या कॉम्प्युटरमधून काढून नेलेली डिस्क त्यांच्या कॉम्प्युटरला जोडून फोटो उघडले. आई नवा चष्मा लावून पुढं सरकून बसली. वाघ, सांबर, तळं, पुन्हा वाघ. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "माहा फोटो कुठी हाय रे?" मी म्हणालो, "असन कुठीतरी." चाचांनी भलेपणानं एकेक फोल्डर उघडून शोधलं. भाच्याचं बारसं सापडलं, शेजाऱ्यांची गायसुद्धा सापडली, आई कुठंच नव्हती. चाचांचा हात माऊसवर थांबला आणि माझे कान तापले. तेव्हा आईच त्यांना म्हणाली, "हा लय मांगं लागते जी, मीच उभी राहत नाई." मी वर न बघता मोठी डिस्क मागितली. त्यानंतर मी तिचे पुष्कळ फोटो काढले. ती एकदाही नाही म्हणाली नाही, आणि ते फोटो बघताना अजूनही मला तिच्या नजरेला नजर देता येत नाही.