बिनरिव्हर्सची मसाला गाडी

आमच्या मसाल्याच्या गाडीला रिव्हर्स नव्हता. म्हणजे आजोबांनी घेतली तेव्हा असेल, पण मी पाहिली ती फक्त पुढे जाणारीच. मूळची ती कुणा वकिलाची ऐटबाज मोटार. आजोबांनी मागची सीट काढून तिथे लाकडी पेटारा बसवला आणि तेव्हापासून गोडा मसाला, मेतकूट, भाजणी असं सगळं धार शहरभर तिच्यातूनच फिरतं. मांडूला जाणारे टुरिस्ट आता थांबून तिचे फोटो काढतात. बाबा तेवढ्यापुरते केसांवरून हात फिरवून घेतात.

मागे जात नाही म्हटल्यावर बाबांचा रोजचा रस्ताही तसाच आखलेला. जिथून बाहेर पडता येईल अशाच गल्लीत शिरायचं. अपवाद एकच, एक बंद गल्ली. तिथे आमचा माल घेणारं किराणा दुकान आणि त्याच्या समोरच आत्याबाईचं घर. दुकानात माल दिला की गाडी वळवायला आत्याबाईच्या अंगणाशिवाय दुसरी जागाच नव्हती.

आणि बाबांचा नि आत्याबाईचा अबोला होता! आजी गेल्यावर महालक्ष्म्यांच्या पितळी मुखवट्यांवरून बिनसलं. आत्याबाई म्हणाली, एक मुखवटा मला दे. बाबा म्हणाले, जोडी फुटत नाही, आणि कुळधर्म मुलाकडेच राहतो. झालं. आई म्हणते, दोघं एकाच माळेचे मणी.

पण गाडीला अबोला कळत नाही. ती रोज सकाळी अंगणात जायची. मला शाळेत शिकवायला जायचं असतं, म्हणून मी बाबांच्या शेजारी बसलेली असायचे. फाटक उघडंच असे. आत्याबाई दोन कप घेऊन यायची आणि माझ्याकडे बघत म्हणायची, "तुझ्या बापाला विचार, साखर पुरे का?" बाबा समोरच्या काचेकडे बघत म्हणायचे, "सांग तिला, पुरे. आलं मात्र आज जास्त पडलंय." दोघांमध्ये हातभर अंतर, आणि निरोप्या मी. बाबा सीटवरून कधी उतरले नाहीत. गाडी वळवायला आलोय, असंच त्यांचं म्हणणं. आत्याबाईचंही तेच, गाडी येते म्हणून फाटक उघडं ठेवते.

मग माझ्या धाकट्या भावाला बाबांची माया आली. तो देवासला कारखान्यात आहे. तिथल्या भंगारात त्याला हुबेहूब जुना गियरबॉक्स सापडला. मिस्त्रीने तो बसवला आणि हात पुसत म्हणाला, "लो भिया, अब पीछे भी दौड़ेगी!" बाबांनी त्याला पेढे दिले.

दुसऱ्या दिवशी भाऊ मुद्दाम सोबत आला. माल देऊन झाल्यावर तो गल्लीत उतरला आणि "येऊ द्या, येऊ द्या" करत गाडी उलटी बाहेर काढायला लागला. आत्याबाई फाटकात उभी होती, हातात दोन कप. आम्ही तिच्यासमोरून मागे मागे गेलो. भावाने तिला हात हलवला. बाबांनी मान वर केली नाही.

त्यानंतर फाटक बंद. रोज बंद. बाबा घरी भाजीत मीठ कमी म्हणायला लागले, मग जास्त म्हणायला लागले. आई म्हणाली, "गियर सुधारला, माणूस बिघडला." मला भावाचा राग आला, पण त्या बिचाऱ्याला काय बोलणार? मला स्वतःलाच त्या आल्याच्या चहावाचून सकाळ रिकामी वाटत होती. आणि भीती वाटत होती, की ही दोघं आता म्हातारपणी खरोखरचीच तुटणार.

परवा माल देऊन झाला तरी बाबांनी गाडी मागे घेतली नाही. बंद फाटकासमोर आणून उभी केली आणि हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. दुकानदार बाहेर डोकावला. आत्याबाई आली, पण कडी काढली नाही. फाटकावरूनच मला म्हणाली, "तुझ्या बापाला विचार, गाडी मागे जाते ना आता? मग अंगण कशाला हवंय?"

मी निरोप द्यायला बाबांकडे वळले. त्यांनी मला हातानेच थांबवलं.

"आक्का," ते म्हणाले, "चहाला आलोय."

आत्याबाईने कडी काढली. मग तिने पदराने नाक पुसलं आणि सरळ बाबांकडे बघून म्हणाली, "चहाला आलास तर गाडी तिथेच राहू दे. माणसासारखा उतरून आत ये."

बाबा उतरले. फाटकाशी त्यांनी उगाच सदरा झटकला. मी दार उघडून खाली पाय टाकणार, तोच आत्याबाई म्हणाली, "तू कुठे निघालीस? शाळेला उशीर होतोय ना, रिक्षा कर जा."