काउंट बरोबर

आमच्याकडचं जेवण आटोपून मंडळी दाराशी आपापल्या चपला शोधू लागली, की सिस्टर ओट्यापाशी उभ्या राहून चमचे मोजत. मोजून झाले की आतूनच खड्या आवाजात सांगत, "काउंट बरोबर." त्याआधी निघायची कुणाची टाप नव्हती. एकदा एक चमचा कमी भरला, तर त्यांनी मला कचऱ्याची पिशवी अंगणात उलटी करायला लावली. चमचा श्रीखंडाच्या डब्यात निघाला. तोवर दोन कुटुंबं गाडीत बसून खोळंबली होती.

नोकरी संपली तरी अंगातून न गेलेलं असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. सिस्टर मूळच्या सोलापूरच्या. तिथे आणि मग इथे न्यूझीलंडमध्ये त्यांनी जन्मभर ऑपरेशन थिएटरात नर्सचं काम केलं. पेशंटला टाके घालण्याआधी बोळे, सुया, कात्र्या मोजायच्या आणि सर्जनला ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगायचं. इतक्या वर्षांत कुणाच्या पोटात साधा दोरा राहू दिला नाही, हे त्या अभिमानानं सांगत, आणि नेमकं आपण पहिला घास घेताना सांगत.

अशा बाईंनी साठीच्या तोंडावर बंदूक हाती घेतली, तेव्हा आमच्या अप्पर हट गावातल्या यच्चयावत मराठी मंडळींनी तोंडात बोटं घातली. निमित्त ग्रॅहमचं. ग्रॅहम आमच्याच रस्त्यावर राहणारा, बंदुका दुरुस्त करणारा ताडमाड म्हातारा. त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा थिएटरात सिस्टर होत्या. हिंडूफिरू लागल्यावर आभार म्हणून त्यानं त्यांना आपल्या क्लबात नेलं. तिथे दर महिन्याला चांगली मोठी माणसं जुन्या काळच्या अमेरिकन गुराख्यांचे कपडे घालून, टोपणनावं घेऊन, जुन्या धाटणीच्या बंदुकांनी लोखंडी पाट्या पाडतात, आणि मागे एकजण हातात टायमर घेऊन उभा असतो. सिस्टर चहा-केक घेऊन परत येतील असं आम्हाला वाटलं होतं. त्या आल्या त्या लायसन्स कसं काढायचं हे विचारतच.

लायसन्स देण्याआधी ओळखीच्या माणसाकडे चौकशी करतात. ते माणूस मी. चौकशीला आलेल्या बाईंनी विचारलं, "त्यांना राग येतो का?" मी म्हणालो, "येतो. कोथिंबीर जाड चिरली की." बाई हसल्या आणि लायसन्स मिळालं.

टोपणनाव त्यांनी घेतलं 'सोलापूर सिस्टर'. कपड्यांवरून मात्र क्लबात चर्चा झाली. बाकीच्या बायका पायघोळ झगे घालत. सिस्टर कॉटनचं नऊवारी नेसून, पायांत बूट आणि कमरेला काडतुसांचा चामडी पट्टा बांधून हजर. कुणीतरी म्हणालं, हे नियमात बसतं का? सिस्टर म्हणाल्या, "त्या काळात आमच्याकडे बायका हेच नेसत होत्या. आणि ह्याच्यात पळता येतं. तुमच्या झग्यात पळून दाखवा." कुणी पळून दाखवलं नाही.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. वेगाचं त्यांना काही नव्हतं. त्यांना हवी होती क्लीन मॅच. म्हणजे अख्ख्या दिवसाच्या स्पर्धेत एकही नेम चुकायचा नाही, एकही पाटी उभी राहायची नाही. वेळ कितीही लागो. ज्याला हे जमतं त्याला एक पत्र्याचा बिल्ला मिळतो. पिस्तूल आणि रायफलीला त्यांचा हात बसला होता, पण शेवटी दुनळी आली की घोळ व्हायचा. ती क्लबाची, उधारीची बंदूक. तिचा दस्ता इतका लांब की खांद्याऐवजी दंडावर टेकायचा आणि दंड काळानिळा व्हायचा. एक तरी पाटी उभी राहायचीच. परत येताना गाडीत त्या म्हणायच्या, "एक आत राहिली." पेशंटच्या पोटात राहिल्यासारखं.

मग आम्ही तिघं बंदूक बघायला दुकानात गेलो. नळ्यांशेजारी नक्षी कोरलेली एक देखणी दुनळी दुकानदारानं काढली. ती उघडली की रिकामी काडतुसं आपोआप बाहेर उडायची. मला ते फार आवडलं. ग्रॅहम म्हणाला, "आमच्या खेळात हे चालत नाही. काडतुसं आपण काढायची." सिस्टरनी तिच्याकडे पुन्हा बघितलंही नाही. त्या एकेक बंदूक घेत, डोळे मिटत, खांद्याला लावत आणि मग डोळे उघडत. नजर थेट नळ्यांवरून गेली तर ठीक, नाहीतर परत. शेवटी कुणा शेतकऱ्यानं बदकांच्या शिकारीला वापरलेली, ओरखडे पडलेली एक साधी बंदूक त्यांनी निवडली. मी म्हणालो, "सिस्टर, हिला रूप नाही हो." त्या म्हणाल्या, "माझं लग्नही असंच ठरलं होतं. छान झाला संसार."

बदकांची बंदूक शर्यतीला चालत नाही. ती उघडायची कळ दगडासारखी घट्ट होती. दर वेळी उघडली की तिचा सेफ्टीचा खटका आपोआप बंद स्थितीत जायचा, आणि घाईत तो सरकवायचा राहिला की चाप ओढून उपयोग नाही. शिवाय झाडलेली काडतुसं आत अडकून बसायची. ग्रॅहमनं तिला आपल्या शेडमध्ये टेबलावर घेतलं. तो थंडीचा मोसम त्या दोघांनी तिच्यावर घालवला. मी ट्रेनमधून उतरून घरी जाताना डोकावत असे.

पहिल्या दिवशी सिस्टरनी टेबलावर स्वच्छ टॉवेल अंथरला आणि ग्रॅहमचे स्क्रूड्रायव्हर, कानशी, फडकी त्यावर ओळीनं मांडली. ग्रॅहमला ते आवडलं नाही. आठवडाभरात मात्र तो मान वर न करता नुसता हात बाजूला करू लागला आणि हवी ती वस्तू त्याच्या तळहातावर येऊ लागली. त्यानं कळ सैल केली, खटका आपोआप पडायचा बंद केला. काडतुसं बसतात ती भोकं आरशासारखी घासली, त्यांच्या कडा उतरत्या केल्या, म्हणजे दोन काडतुसं एकदम आत घसरावीत आणि बंदूक उघडून मनगटाला हिसका दिला की मागे पडावीत. शेवटी दस्ता कापला. कापलेला लाकडाचा तुकडा तो केराच्या डब्यात टाकणार, तोच सिस्टरनी हात धरला. "काढलेलंसुद्धा मोजायचं असतं," म्हणत तुकडा त्यांनी पर्समध्ये टाकला. निघताना टेबलावरची हत्यारं मोजून खड्या आवाजात, "काउंट बरोबर." ग्रॅहम आता त्याशिवाय शेडचा दिवा मालवत नसे.

त्याच सुमारास त्यांच्या मुलाचा लांबच्या अल्बनीहून फोन आला. सुनेला दिवस गेले होते. आईनं कायमचं त्यांच्याकडे राहायला यावं, फक्त घरात बंदुका नकोत. यात त्याचं काही चुकत नव्हतं. तान्हं मूल येणार, सून आधीच भित्री. सिस्टर लगेच हो म्हणाल्या. मला सांगताना मात्र नऊवारीची घडी घालत होत्या आणि ती घडी काही केल्या जुळत नव्हती. म्हणाल्या, "ऑक्टोबरची मॅच करून जाते. तेवढी एक क्लीन झाली की सुटले." ऑक्टोबरनंतर त्यांच्या हातात पुन्हा बंदूक येणार नव्हती. मला फार वाईट वाटलं, आणि मी उगीचच हवापाण्याचं बोलत बसलो.

मॅच खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी आली. इथे खंडेनवमीला आम्ही पूजा करतो ती लॅपटॉपची, गाडीची, डॉक्टर मंडळी स्टेथोस्कोपची. त्या वर्षी सिस्टरच्या देवघरापुढे खरंखुरं शस्त्र होतं, त्यामुळे आम्ही सगळे आवर्जून गेलो. पाटावर दुनळी ठेवली होती, क्लबाच्या शिस्तीप्रमाणे उघडलेली. वापरात नसलेली बंदूक नेहमी उघडी असावी, म्हणजे आत काही नाही हे चारचौघांना दिसतं. सिस्टरनी हळदकुंकू वाहिलं, अंगणातलं कॅमेलियाचं फूल वाहिलं आणि कुंकवाच्या लालभडक अक्षता मनापासून, चांगल्या मूठभर टाकल्या. मग आम्ही जिलबी खाल्ली.

सकाळी त्यांनी बंदूक झटकली, नळ्या पुसल्या आणि आम्ही निघालो. दिवसभर त्यांनी एक पाटी सोडली नाही. दुनळी खांद्याला अशी बसत होती की जणू त्यांच्या मापानं शिवून घेतली होती. दुपारपासून माझाच जीव टांगणीला लागला. ग्रॅहम सारखी टोपी काढत होता आणि घालत होता. शेवटच्या फेरीत पिस्तूल झालं, रायफल झाली, दुनळीच्या दोन पाट्या पडल्या. उरल्या दोन. सिस्टरनी हिसका दिला, रिकामी काडतुसं मागे पडली. नवी दोन आत सरकवली. बंदूक मिटेना.

त्यांनी पुन्हा दाबली. मिटेना. टायमर चालूच होता. ग्रॅहमला सगळं कळत होतं, पण बंदुकीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असा नियम. सिस्टर थांबल्या. मी त्यांना थिएटरात कधी बघितलं नाही, पण त्या क्षणी बघितलं असं मला वाटतं. नळ्यांची तोंडं पाट्यांकडेच ठेवून त्यांनी काडतुसं काढली, आत वाकून पाहिलं आणि अंबाड्यातला आकडा उपसला. काडतुसाला मागून उचलणारी एक पट्टी असते, तिच्या खाली आकड्याचं टोक घालून हळूच काहीतरी बाहेर ओढलं.

तांदळाचा दाणा. कुंकवाचा लाल.

दिवसभर तो कुठल्याशा खाचेत बसून होता आणि धक्क्यांनी नेमका तेव्हा पट्टीखाली सरकला होता. सिस्टरनी तो पट्ट्यातल्या काडतुसाच्या रिकाम्या घरात ठेवला, आकडा अंबाड्यात खोचला, काडतुसं घातली. मग अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "काउंट बरोबर." बंदूक मिटली. पहिली पाटी पडली. दुसरी पडली.

त्या फेरीत त्यांचा वेळ सगळ्यांत वाईट होता. बिल्ला मिळाला. ग्रॅहम रडला आणि हवेतल्या परागकणांना शिव्या देत राहिला.

गाडीत मी म्हटलं, "सिस्टर, झाली की क्लीन." त्या बिल्ला मुठीत धरून बसल्या होत्या. "क्लीन कसली? जन्मभरात कुणाच्या पोटात दोरा राहू दिला नाही. आणि स्वतःच्या बंदुकीत स्वतःच्या हातानं तांदूळ सोडला."

"पण तुम्हीच काढलात ना?"

 "काढला खरा," त्या म्हणाल्या. आणि डोळे पुसायला लागल्या. ते काही तांदळासाठी नव्हतं. मी गाडी सावकाश चालवली.

नाताळच्या आधी त्या अल्बनीला गेल्या. बंदूक ग्रॅहमकडे देऊन गेल्या, कुणाच्या तरी कामी येऊ दे म्हणून. ती कुणाला होईना. क्लबातले सगळे धिप्पाड, त्यांना तो आखूड दस्ता कसा चालणार? ग्रॅहमनं नवं लाकूड जोडतो म्हटलं, पण महिने गेले तरी हात लावला नाही. मी विचारलं की म्हणायचा, "घाई काय आहे, मेट. सिस्टर परत आली तर?"

सप्टेंबरात त्याच्या पत्त्यावर एक पार्सल आलं. आत बाळाच्या दुपट्यात गुंडाळलेला तो लाकडाचा तुकडा. इतके दिवस तो त्यांच्या देवघरात असावा, एका बाजूला हळदकुंकवाचे डाग होते. मी फोन केला. मागे नात रडत होती.

"अहो, तो तुकडा इकडे राहिला तर तिकडचा काउंट चुकतो," सिस्टर म्हणाल्या. "बसवून टाका म्हणावं. नवीन माणसाला होईल. आणि खंडेनवमीला तुम्ही जा त्याच्याकडे. अक्षता टाकायच्या, पण बंदूक मिटवून. सांगा त्याला."

ग्रॅहमला सांगितलं. त्यानं तुकडा दस्त्याच्या कापलेल्या कडेला लावून पाहिला. मग त्यानं तो बसवला. डाग मात्र घासले नाहीत.

खंडेनवमीला मी शेडमध्ये गेलो. बंदूक मिटलेली आहे हे त्यानं मला दोनदा दाखवलं. मी हळदकुंकू वाहिलं, बेतानं अक्षता टाकल्या. तरी मग त्यानं ती उघडली, उलटी धरून मनगटाला हिसका दिला, अगदी त्यांच्यासारखा. काही पडलं नाही. त्यानं मान वर न करता हात बाजूला केला. मी त्याच्या तळहातावर फडकं ठेवलं.

"दुसरं, मेट," तो म्हणाला.

मी दुसरं दिलं. त्यानं नळ्या पुसल्या. टॉवेलावरची हत्यारं मी मोजली आणि पुटपुटलो, "काउंट बरोबर."

ग्रॅहमचा हात दिव्याच्या बटणावर होता, पण त्यानं दिवा मालवला नाही.

"ती मोठ्यानं म्हणायची," तो म्हणाला.

मग मी मोठ्यानं म्हटलं.