लेकीची तहान आणि आमची 'उष्णता'

परवा उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, चर्चच्या आवारात मी नणंदेशी भांडले. भर उन्हात, सगळ्यांसमोर... आणि राग अजून उतरलेला नाही.

आमच्या भिंगारला त्या दिवशी बारा ते तीन भक्ती असते. मोठी माणसं तीन वाजेपर्यंत पाण्याचा थेंब घेत नाहीत. मी पुढे क्वायरमध्ये गायला, आणि बारा वर्षांची लेक मागे आत्याजवळ, हातात दोन लिटरची बाटली घेऊन.

ती बाटली तिला कायम लागते. व्हॅसोप्रेसिन नावाचं हार्मोन मेंदूत तयार होतं, ते किडनीला सांगतं, पाणी धरून ठेव. लेकीच्या शरीरात ते जवळजवळ तयारच होत नाही. प्यायलेलं सगळं लघवीवाटे निघून जातं, की पुन्हा घशाला कोरड...

साखरेशी याचा काही संबंध नाही. गोळीवर निभतं, पण गोळी चुकली आणि पाणीही मिळालं नाही तर जिवावर बेततं. त्या दिवशी क्वायरच्या गडबडीत सकाळची गोळी द्यायची मीच विसरले.

अर्ध्या तासात ती दोनदा बाहेर जाऊन आली. तिसऱ्यांदा उठली तेव्हा आत्याने तिला खाली बसवलं आणि बाटली स्वतःच्या पिशवीत टाकली. "तीन तास दम निघंना व्हय गं तुला? समदी उपाशी हायेत." हे मला नंतर कळलं.

प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी पाचवा तहानेचा. पाळकसाहेब त्यावर बोलत होते, लोक डोळे पुसत होते... आणि मागच्या बाकावर माझी पोर आडवी झाली. ओठ कोरडे ठक्क, धड बोलता येईना.

उचलून बाहेर आणलं, घोट घोट पाणी पाजलं. रिक्षा येईपर्यंत मी नणंदेला नाही नाही ते बोलले. ती रडत होती. मग एवढंच म्हणाली, "मला कुनी सांगितलं का? तुमीच उष्णता म्हनले हुते."

खरं होतं. चार वर्षं आम्ही नवरा-बायको सगळ्यांना उष्णताच सांगतोय. लोक सब्जा सुचवतात, धन्याचं पाणी सुचवतात, आम्ही माना डोलावतो. मुलीची जात, उद्या लग्नाचं बघायचं, बोभाटा कशाला...

लेकीलाही बजावलं होतं, कुणाला सांगायचं नाही. म्हणून तिने बाटली परत मागितली नाही. माझा शब्द पाळत बसली होती ती, आडवी पडेपर्यंत.

दवाखान्यात रक्त तपासलं, वेळेत निभावलं. देवाचे आभार. आज ईस्टरला नणंद आपणहून लेकीशेजारी बसली, बाटली मांडीवर धरून. तिच्यावरचा राग थोडा आहे अजून, खोटं कशाला बोलू... पण जास्त माझाच येतो.

ही पोस्ट टाकण्याआधी लेकीला वाचून दाखवली. तिचं नाव मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. तिने फोन हातातून घेतला आणि शेवटची ओळ स्वतः टाइप केली.

माझं नाव शलोमी. मला पाणी लागतं.