माझं रगत कुनी काढलंच न्हाई

त्र्याहत्तर सालचा उन्हाळा, सोमवारची सकाळ, नगरच्या एका दवाखान्यातला बायकांचा वॉर्ड. नर्स म्हणून लागून मला दीड वर्ष झालं होतं. त्या दिवसाचा राग अजून उतरला नाही... म्हणून आज लिहून टाकते.

आदल्या दिवशी पारनेरकडची गयाबाई दाखल झाली होती. पहिलटकरीण. दुष्काळी कामावर खडी फोडता फोडता कळा सुरू झालेल्या. हो, नऊ महिन्यांची बाई खडी फोडत होती, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

केसपेपर मी लिहीत होते. नवऱ्याचं नाव विचारलं तर तिने पदर तोंडाशी धरला. तेव्हा बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, घेतलं तर उखाण्यातच. आमच्या आयामावशींनी चेष्टा केली, "घे की गं, इथं कोन ऐकतंय." आम्ही सगळ्या हसलो. सासू चहा आणायला गेली होती... ती आल्यावर विचारू म्हणून मी तो रकाना रिकामा सोडला आणि विसरून गेले.

कोपऱ्यातल्या खाटेवर आणखी एक गयाबाई होती. तीही पारनेर तालुक्यातलीच, पिशवीच्या ऑपरेशनसाठी आलेली. तिच्याही केसपेपरवर नवऱ्याचं नाव नव्हतं. आमच्या वॉर्डातले निम्मे केसपेपर असेच असायचे, आणि त्याचं आम्हाला काही वाटायचं नाही.

सकाळी गया बाळंत झाली. मुलगी झाली, चांगली रडली. पण गयाचं रक्त काही थांबेना. मोठ्या डॉक्टरांनी रक्त मागवायला सांगितलं आणि मी इंजेक्शनं आणायला स्टोअरकडे पळाले.

पुढचं मला नंतर कळलं. एक शिकाऊ डॉक्टर आले, दारातूनच ओरडले, "गयाबाई पारनेर कोण?" गयाला बिचारीला शुद्ध असून नसल्यासारखी. कोपऱ्यातलीने हात वर केला. यांनी ग्रुप जुळवायला तिचं थोडं रक्त काढलं, नळीवर चिठ्ठी डकवली आणि रक्तपेढीत पाठवून दिलं. खाटेपाशी जाऊन केसपेपर बघायचे कष्ट घेतले नाहीत. बाळंतीण कोण आणि कोण नाही एवढं तरी दिसायला हवं होतं की नाही?

तासाभराने रक्ताची बाटली आली. तेव्हा काचेच्या बाटल्या असत. चिठ्ठीवरचं नाव बरोबर, गाव बरोबर; नवऱ्याचं नाव केसपेपरवरच नव्हतं, तर चिठ्ठीवर कुठून येणार. मी बाटली स्टँडला अडकवली. गया घाबरू नये म्हणून म्हटलं, तुझ्या रक्ताशी जुळवून आणलंय गं, आता बरं वाटेल.

ती पांढरीफटक पडली होती. ओठ हलवत म्हणाली, "बाई, माझं रगत तर कुनी काढलंच न्हाई."

मी तिचे दोन्ही हात उलटून पाहिले. सलाईनची सुई सोडली तर कुठे टोचल्याची खूण नव्हती. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "माझं काढलं की मघाशी. मला वाटलं, आपरेशनसाठी आसंल."

बाटलीची नळी मी अजून सुईला जोडली नव्हती.

मोठे डॉक्टर ऑपरेशनात होते; शिकाऊ डॉक्टरांना बोलावलं तर ते माझ्यावरच उखडले. "सिस्टर, अडाणी बाईचं काय ऐकता? बाटली सुरू करा. ती गेली तर जबाबदारी तुमची." मी बाटली खाली काढली. गयाचं रक्त स्वतः घेतलं आणि आवारातून रक्तपेढीकडे धावत सुटले.

रक्तपेढीतल्या काकांनी तपासलं. बाटली ए ग्रुपची होती आणि गयाचा ग्रुप ओ. काकांनी लगेच ओ ग्रुपची बाटली जुळवायला घेतली. ते रक्त चढलं असतं तर ती आमच्या डोळ्यांदेखत गेली असती. आणि आम्ही सासूला सांगितलं असतं, बाळंतपणात गेली, नशीब तिचं.

दुसरी बाटली येईपर्यंत रक्त थांबावं म्हणून मी गयाचं पोट दाबून बसले होते. नाडी सापडायची, हरवायची, पुन्हा सापडायची. बाटली आली, चढली... आणि दुपारी गयाने पाणी मागितलं.

मग मी रिपोर्टबुकात सगळं लिहिलं. माझ्या रिकाम्या रकान्यासकट. तासाभरात मेट्रनबाईंचं बोलावणं आलं. म्हणाल्या, "झालं काय शेवटी? काहीच नाही ना? मग लिहायचं कशाला? खोड ते." शिकाऊ डॉक्टर शेजारीच उभे होते, खिडकीबाहेर बघत.

मी खोडलं. बावीस वर्षांची होते, नोकरी नवी होती, घर माझ्यावर होतं. ही सबब मी पन्नास वर्षं स्वतःला सांगतेय आणि मला ती एकदाही पटलेली नाही. काही झालं नाही म्हणूनच लिहायला हवं होतं. पुढच्या गयाबाईच्या तोंडातून शब्द फुटला नसता तर?

आता दवाखान्यात हाताला नावाची पट्टी बांधतात, रक्त लावण्याआधी दोघी-दोघी येऊन नाव विचारतात. लोक वैतागतात, किती वेळा तेच तेच म्हणून. बाबांनो, शंभरदा सांगा.

आठव्या दिवशी गया घरी निघाली. मुलीला कुंची बांधलेली, सासू बोचकं घेऊन शेजारी उभी. गयाने मला हाक मारली. तिला सगळं कळलं होतं, वॉर्डात काय लपून राहतं?

"बाई, त्यो कागद आना," म्हणाली. "माझ्या मालकाचं नाव लिवा. तुकाराम."

उखाणा नाही, लाजणं नाही. सासूने एकदा सुनेकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी त्या रकान्यात नाव लिहिलं... आणि ते खोडायला मला कुणी सांगितलं नाही.