पाहुण्यांचं पाणी

आमच्या हेल्थ पोस्टमध्ये खुर्च्या तीन आणि बायका चार. एक कायम उभी. आणि उभ्या बाईला गप्प राहवत नाही, ती किस्सा सांगायला लागते. चहा येईपर्यंत दुसरी उठते, तिचा किस्सा सुरू. इतक्या वर्षांत रजिस्टरं भरली नसतील तेवढे किस्से भरलेत.

आम्ही आरोग्यसेविका. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत घरोघर फिरायचं, गरोदर बायकांची नावं लिहायची आणि ‘पाणी उकळून प्या’ सांगत सुटायचं. हे वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलंय की एकदा घरी आलेल्या कुरिअरवाल्यालाही मी सही करता करता सांगितलं. तो बिचारा ‘हो मॅडम’ म्हणून गेला.

गरोदर बायकांना जरा जास्तच सांगतो, कारण घाण पाण्याची कावीळ त्यांना फार जड जाते. शेवटच्या महिन्यांत झाली तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं. हे मी पोस्टर न बघता बोलू शकते. पाठ आहे.

*

पहिला किस्सा माझ्यावरच. वस्तीतल्या बायका जमवून मी तासभर पाण्यावर बोलले. शेवटी एकीने विचारलं, “ताई, तुम्ही घरी उकळता?”

“माझ्याकडे फिल्टर आहे,” मी जरा ऐटीत म्हटलं.

बाजूला फिलोमिना होती. आमची सगळ्यात जुनी सेविका, मरोळ गावठाणातली, जिभेला हाड नाही. आदल्याच रविवारी माझ्याकडे जेवून गेलेली.

“सांग ना गं त्यांना,” ती म्हणाली, “त्या फिल्टरचा लाल दिवा तीन महिने पेटलेला, म्हणून तू त्याच्यावर टिकली लावलीस ते.”

*

माझा नवरा त्याहून पुढचा. फिल्टर बंद पडला तेव्हा म्हणाला, “तू काळजी करू नको, पाणी मी उकळतो.” आठवडाभर उकळलं. मी हेल्थ पोस्टमध्ये जाऊन मिरवलं, नवरा असावा तर असा.

मग एकदा त्याला गाठलं. त्याने पातेलं गॅसवरून उतरवलं आणि त्यात दोन तांबे नळाचं पाणी ओतलं.

“हे काय करतोयस?”

“अगं, मग एवढं गरम प्यायचं कसं?”

*

वस्तीत रंजनाचं घर अगदी वर, शेवटच्या पायरीला. पहिलटकरीण, पाचवा महिना. घरात नवरा, आजारी सासरे आणि सासू. सासू मालवणची, सगळी वस्ती तिला मामी म्हणते.

फिलोमिना तिथे पाण्यातलं क्लोरीन तपासायला गेली. ग्लासात औषधाचे थेंब टाकले, पाणी पिवळं झालं.

मामी घाबरली. “अगो बाय, ह्यां काय केलंस?”

“मामी, पिवळं झालं म्हणजे चांगलं. पांढरं राहिलं तर वाईट.”

पंधरा दिवसांनी फिलोमिना परत गेली तर मामी ग्लास घेऊन दारातच उभी. पाणी आधीच पिवळंधमक.

“मामी, मी अजून औषध टाकलं नाही.”

“तुझा औषध कित्याक फुकट घालवतंस? मियाच हळद घातलंय.”

*

त्यानंतर गल्लीतल्या पाण्याला वास येतोय अशी ओरड झाली. तिथले प्लॅस्टिकचे पाइप गटारातूनच वर चढतात, त्यामुळे नवल काही नव्हतं. मी मामीकडे लॅबची बाटली ठेवून आले. आत चिमूटभर पांढरी पावडर असते, पाण्यातल्या क्लोरीनचा असर घालवायला. “सकाळी नळाचं पाणी भरा, मी घेऊन जाईन,” सांगितलं.

सकाळी बाटली आरशासारखी चकचकीत.

“आत पावडर होती ती घासून काढलंय,” मामी म्हणाली. “आणि पाणी उकळलेला भरलंय.”

“अहो मामी, नळाचं हवं होतं.”

“नळाचा? लॅबात मोठे लोक बघतले. पाहुण्यांका देतंव ता पाणी भरलंय.”

हा किस्सा मी उभी असताना सांगितला. फिलोमिनाला चहाचा ठसका लागला. पुढचा महिनाभर कोणी पाणी मागितलं की आम्ही विचारायचो, “लॅबचं की पाहुण्यांचं?”

मामी तोंडाने सांगत होती की या घरात दोन पाणी आहेत. मी अठरा वर्षं हेच काम करते. आणि मी हसत होते.

दुसरी बाटली पुढच्या आठवड्यात नेऊ म्हटलं. पुढच्या आठवड्यात पोलिओ डोसची मोहीम निघाली. मग ते राहिलंच.

*

रंजनाकडे मी दर मंगळवारी जायचे. शंभरावर पायऱ्या, माझे गुडघे दुखरे, वर पोहोचेपर्यंत मला बोलता यायचं नाही. रंजना आधी पाणी द्यायची. स्टीलचा ग्लास, वर झाकण, खाली ताटली. मी गटागट प्यायचे, धाप बसली की विचारायचे, “पाणी उकळतेस ना?”

“हो ताई, रोज एक पातेलं.”

मी वहीत टिक करायचे. फिलोमिनाला म्हणायचे, “माझी रंजना बघ, शहाणी पोर. एकदा सांगितलं की ऐकते.”

आठव्या महिन्यात एका मंगळवारी ती दार उघडायला उठली नाही. उलट्या, अंगात त्राण नाही. मी उजेडाकडे तोंड वळवायला सांगितलं. डोळे पिवळे.

मी आणि तिच्या नवऱ्याने तिला खुर्चीत बसवून खाली उतरवलं. त्या दिवशी माझे गुडघे दुखले की नाही, आठवत नाही.

ती वाचली. बाळ वाचलं नाही. मुलगी होती.

रंजना शुद्धीवर आल्यावर हॉस्पिटलातल्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, “पाणी उकळून प्यायला सांगितलं नव्हतं का कोणी?” मी कॉटच्या पायाशी उभी.

“सांगितलेलं ना,” रंजना म्हणाली. माझी बाजू घेत होती पोर. “रोज उकळत होते, एक पातेलं.”

“मग?”

“बाबा आजारी, त्यांना लागतं. हे बाटली घेऊन जातात कामावर. आणि ताई येतात.”

“आणि तू?”

रंजनाला प्रश्नच कळला नाही. “मी घरातलीच ना, मॅडम.”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे.

*

हा शेवटचा किस्सा मी हेल्थ पोस्टमध्ये सांगितलेला नाही. उभं राहायची पाळी आली की मी हल्ली खिडकीपाशी जाते.

महिन्याने मी तिच्याकडे गेले. पर्समध्ये माझी पाण्याची बाटली. वर पोहोचले, उंबऱ्यात टेकले, बाटली काढली. रंजना आतून ग्लास घेऊन आलेली. झाकण, ताटली, सगळं तसंच.

“आज माझं आहे गं,” मी म्हटलं. “ते तू पी.”

तिचा चेहरा पडला. मामी कोपऱ्यातून माझ्या बाटलीकडे बघत होती.

“ताई,” रंजना हळूच म्हणाली, “आमच्याकडचं पाणी आता चालत नाही का तुम्हाला? उकळलेलं आहे हो. तुमच्यासाठीच ठेवलंय.”

मी बाटली पर्समध्ये ठेवली. ग्लास घेतला. सगळा प्यायले.

“अजून देऊ?” तिने विचारलं.