वाळीतल्याची हाक

अलिबागच्या खाडीकाठी आमचं सासरचं गाव. शेतं सगळी मातीच्या बांधाआड. उधाणात बांध फुटून खांड पडली की पाहील त्यानं हाक द्यायची आणि घरटी एकानं टोपली घेऊन धावायचं, हा गावचा पहिला कायदा. पलीकडच्या पाड्यातली माणसंही बांधावर राबत, म्हणून गावकीचे पुढारी असलेल्या माझ्या सासऱ्यांनी त्यांना बैठकीत बसायला जागा दिली.

ती जागा गावातल्या एकाच्या डोळ्यांत खुपली. माणूस गोड जिभेचा. दर बैठकीत उठून तो सांगे, पाड्यातल्यांना हाकला, नाहीतर देव कोपेल. तरण्या पोरांनी त्याला खाली बसवायला पाहिलं, तर सासरे म्हणाले, "ज्याला तोंड हाय त्यानं बोलावं. आज त्याचं मिटवलं, तर उद्या तुमचं मिटंल."

ऐकता ऐकता अर्धा गाव त्याचा झाला. मग ठराव आला: पाड्यातल्यांनी बैठकीत यायचं नाही, आणि याविरुद्ध बोलेल तो वाळीत. त्याला बोलू दिलं हे बरोबरच होतं, असं मी आजही म्हणते. पण दुसऱ्याचं तोंड शिवायचा ठराव मांडू दिला, तिथं आमच्या घोड्यानं पेंड खाल्ली. सासरे एकटे विरुद्ध बोलले आणि आम्ही वाळीत पडलो. आमच्याशी बोलेल, तोही वाळीत.

त्या पावसाळ्यात अवसेच्या उधाणाला, भरदुपारी, सासऱ्यांना खांड दिसली. घसा फुटेस्तोवर हाका मारत ते गावभर धावले. लोक ओटीवर बसले होते. ऐकत होते मेले सगळे! ओ देणार कोण? पाड्यातली माणसं तेवढी टोपल्या घेऊन आली, पण ती पुरी पडली नाहीत. खारं पाणी साऱ्या गावाच्या भातात शिरलं.

दुसऱ्या दिवशी देवळासमोर बैठक भरली. तोच माणूस उठला आणि म्हणाला, "बांध यानंच फोडला. सूड घेतला."

सासरे बोलायला उभे राहिले.

"वाळीतल्याला बोलायचा हक न्हाय," पंच म्हणाले.

सासऱ्यांनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांचं ते जुनं वाक्य त्यांच्यासाठी कुणीतरी बोलेल, असं त्यांना वाटलं असावं. गावकीत बायकांनी तोंड उघडायची रीत नव्हती; आम्ही कडेला उभं राहून ऐकायचं. तरी मीच ओरडले, "ज्याला तोंड हाय त्यानं बोलावं!"

शेजारच्या बायका पदर सावरून माझ्यापासून दूर सरकल्या.