संगणकाची तारीख बरोबर झाली तेव्हा

डॉक्टर व्हायला मी लातूरला आलो आणि लग्नाच्या कॅसेटींचं मिक्सिंग करायला लागलो. मध्ये बारावीचा एक निकाल होता. त्याच्याबद्दल आमच्या घरात अजूनही फारसं बोलत नाहीत. माझी खोली ट्यूशनच्या गल्लीत, आणि गल्लीच्या तोंडाशी चाचांचा फोटो स्टुडिओ. चाचांच्या तीन पिढ्या फोटोत गेल्या होत्या. पण संगणक आला तेव्हा त्याला हात लावायला ते तयार होईनात, म्हणून मी त्यांचा भागीदार झालो.

आमची कामं दोन. एक लग्नं, आणि दुसरं लोकल केबलवर लागणाऱ्या क्लासच्या जाहिराती. जाहिरातीत गुणवंत विद्यार्थ्यांचे फोटो गोल गोल फिरत यायचे आणि मागे चांदण्या फुटायच्या. लग्नातही त्याच चांदण्या फुटायच्या. बोर्डात आलेला पोरगा आणि बोहल्यावरचा नवरदेव, यांच्यात आम्ही कधी डावं-उजवं केलं नाही.

किल्लारीकडच्या लग्नांत मात्र एक जास्तीची मागणी ठरलेली असे. भूकंपात गेलेल्या माणसाचा फोटो ढगातून वर यायचा, शेवटच्या मंगलाष्टकाला त्याच्याखालून अक्षता पडायच्या, मग फोटो विरून जायचा. आम्ही त्या इफेक्टला नुसतं ‘ढग’ म्हणायचो. गिऱ्हाईक आलं की आधी विचारायचं, ढग किती? एका लग्नात इतके ढग झाले होते की नवरदेव दिसेना. त्या घरच्या लोकांनी तक्रार केली नाही.

ही गोष्ट अशाच एका ढगाची. किल्लारीचे बहीण-भाऊ. गणपती विसर्जनाच्या त्या रात्री दोघं जळकोटला मामाकडे होते आणि आई-वडील गावात. मुलगी तेव्हा चार वर्षांची, भाऊ पाचाचा, त्यामुळे आईचा चेहरा दोघांनाही आठवत नव्हता. वडिलांचा फोटो कुठेच मिळाला नाही. आईचा मिळाला तो दुसऱ्या कुणाच्या लग्नातल्या घोळक्यात, अगदी कडेला, अर्धी एका पाहुण्याच्या फेट्याआड. चाचांनी तो मोठा करून, ब्रश घेऊन, उरलेला अर्धा चेहरा पुरा केला. ती आई, एवढं मामा जाण्याआधी सांगून गेला होता; बरोबर केला की नाही, हे सांगू शकणारं आता कुणी नव्हतं.

मुलगी अर्धापूरला दिली होती. लग्नानंतर ती पहिल्यांदा माहेरी आली आणि भावाबरोबर थेट आमच्या दुकानात, कॅसेट न्यायला. रविवारी सासरी अंगणात टीव्ही काढून सगळी गल्ली कॅसेट बघणार होती. सीडी येऊन बरीच वर्षं झाली होती, पण लोक कॅसेटच म्हणत.

भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, “भैय्या, हिनं तिथं समद्यांना सांगून ठिवलंय, माझी आईबी हाय कॅसेटीत म्हणून. बिनआईची म्हणून चार बोलणी खाल्लीत हिनं. न्हाई दिसली तर लई तोंड पडंल हिचं.”

“दिसेल की,” मी म्हणालो आणि संगणक चालू केला. ढग नव्हता. ढगाच्या जागी लाल पट्टी, आणि इफेक्ट सापडत नाही असा संदेश. चांदण्याही गेल्या होत्या.

मग अशा वेळी जे करतात ते सगळं केलं. संगणक बंद करून चालू केला. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. पंख्यातली धूळ काढली. चाचांनी सकाळी फिरवलेला लोबान पुन्हा फिरवला. बहीण-भाऊ बाकावर बसून हे बघत होते, आणि धूर झाल्यावर जरा निश्चिंत दिसले. शेवटी नांदेडला फोन लावला. हे इफेक्ट आमच्याकडे बसवणारा पोरगा नांदेडचा.

“काय बदललं का?” त्यानं विचारलं.

“काहीच नाही,” मी म्हणालो. बिघडलेल्या यंत्राचा मालक दुसरं काही म्हणत नाही.

तेवढ्यात चाचा म्हणाले, “सकाळी ते क्लासवाले सर आले होते जाहिरात बघायला. संगणकात तारीख चुकलेली होती म्हणे, खालच्या कोपऱ्यातली. नीट करून गेले. मी शुक्रिया म्हणलो.”

आता सांगायला हरकत नाही. आमचे इफेक्ट विकतचे नव्हते, महिनाभर चालणारे नमुने होते. महिना संपला की ते गायब होत. म्हणून महिना भरत आला की तो नांदेडचा पोरगा येऊन संगणकाची तारीख पंचवीस दिवस मागे घ्यायचा, महिना-साल न बघता. कितीतरी लग्नं आम्ही त्या एकाच महिन्यात लावली होती. सर बिचारे चूक दिसली की दुरुस्त करणारच. त्यांचा धंदाच तो. मला राग आला होता, पण बरोबर तारखेबद्दल कुणावर रागवायचं?

“ज्या महिन्यात पहिल्यांदा बसवलं, ती तारीख टाका,” नांदेड म्हणालं. आणि तो महिना नांदेडलाही आठवेना.

चाचांनी डोळे मिटले. “ईद होती. शीरखुर्मा प्याला होता हा नांदेडचा पोरगा इथं बसून. समोरच्या दुकानात दिवाळीचे दिवे बी होते.”

ईद आणि दिवाळी एकाच हप्त्यात आल्याचं साल शोधायला वेळ लागला नाही; दोन्हीकडचा फराळ एकदम खाल्लेलं वर्ष माणूस विसरत नाही. मी वर्ष मागे न्यायला लागलो तशी मुलगी उठून माझ्या खुर्चीमागे आली.

“तारीख मागं नेली की येती का आई?”

“गप बस गं,” भाऊ म्हणाला.

“हो,” मी म्हणालो. कामाच्या दृष्टीनं उत्तर बरोबर होतं.

लाल पट्टी गेली. ढग आला, ढगातून आई वर आली, अक्षता पडल्या, आणि ती विरून गेली. मी सुटलो असं वाटून खुर्चीत मागे टेकलो.

“ही काय, चालली पण?” मुलगी म्हणाली. ढगाची रीत मी तिला समजावून सांगितली. मंगलाष्टक संपलं की फोटो जातो, सगळ्यांचाच जातो.

“लेकीच्या लग्नाला आली अन् जेवल्याबिगर चालली? आम्ही परक्याला बी असं जाऊ देत न्हाई.”

भाऊ रस्त्याकडे बघायला लागला. ज्यांनी कधी माऊसला बोट लावलं नव्हतं ते चाचा म्हणाले, “पंगतीत घे तिला.”

ढग कापून टाकला, अक्षताही काढल्या. नुसता आईचा फोटो उरला, तो पंगतीच्या कोपऱ्यात, पानांच्या ओळीशेवटी ठेवला. आमच्या कामाच्या रीतीत बसणारं नव्हतं ते. लोक वरण ओरपत होते, कुणी पानावर आडवा हात धरून नको नको म्हणत होतं. कोपऱ्यात ती बसलेली. वाढपी बुंदीची बादली घेऊन ओळीनं वाढत आला आणि तिच्यापाशी येऊन वाकला.

“थांबवा,” मुलगी म्हणाली. मी थांबवलं.

“वाढलं बघ तिला,” ती भावाला म्हणाली, आणि पाठवणीला रडली नसेल एवढी रडली.